उत्तरा-हस्ताची ज्वारी
सोलापूर, मंगळवेढा, मोहोळच्या खोल काळ्या रानात ज्वारी पावसावर नव्हे, ओलीवर येते. या भागात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही दोन तुकड्यांत पडतो: मृगात थोडा, मग जुलै-ऑगस्टची ओढ आणि भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्त नक्षत्रांत. म्हणून भारी रान पावसाळाभर मोकळे ठेवायचे, कुळवाच्या पाळ्या देऊन तण मारायचे, पाणी मुरवायचे आणि वाफसा येताच पाभर धरायची, ही इथली जुनी रीत. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभरात पेरणी उरकली, की पुढे आभाळातून थेंब नसला तरी चालते. रान भेगाळू लागले की कोळपे फिरवून भेगा बुजवतात, म्हणजे खालची ओल उडत नाही.

सारी मदार परतीच्या पावसावर. १८७६ साली तो फिरकला नाही आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन मात्र १९२३ मध्ये मांजरीला आणि १९३३ मध्ये सोलापूरला सुरू झाले. ना. वि. कानिटकर आणि सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, कमी बियाणे आणि रुंद पाभर अशी शिफारस केली. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही घरोघरी भाकरीला लागते. हे सगळे शास्त्र एकाच प्रश्नावर उभे आहे: पाणी कमी, ते राखायचे कसे?

आता प्रश्न उलटाही येतो. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर, ऐन पेरणीच्या मोसमात, सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. अशा वर्षी काळ्या रानाला लवकर वाफसा येत नाही, पेरणी लांबते आणि दाणा भरताना ऊन तापू लागते. उशिरा आलेले पीक काढणीच्या वेळी अवकाळीत सापडले, तर दाणा काळा पडतो आणि कडबाही भिजतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने तर उभी ज्वारी झोपवली.

ज्वारीचे क्षेत्र घटते आहे, पण त्याचे खापर एकट्या हवामानावर फोडणे बरोबर नाही. उजनी धरणाचे पाणी आले तिथे ऊस आला, बार्शीकडे सोयाबीन पसरले, आणि ज्वारी काढायला माणसे मिळेनात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा असे वाण दिले. या वाणांचा भर मुख्यतः ओल कमी पडेल त्या वर्षावर आहे. रान ओलेच राहून हस्त संपला, तर शेतकरी ज्वारीचा नाद सोडून हरभऱ्याकडे वळतो.