कोण कुणाला ओरखडतं?

दगड ‘कठीण’ आहे, म्हणजे नेमका किती? १७७४ मध्ये जर्मनीच्या आब्राहाम वेर्नर यांनी रंग, चमक, कठीणपणा अशा बाह्य लक्षणांवरून खनिजं ओळखायची पद्धत लिहून काढली. पण कठीणपणा शब्दांत सांगायचा, तर एकाचं ‘मऊ’ दुसऱ्याला ‘मध्यम’ वाटणारच.

त्यांचे विद्यार्थी फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये शब्दांऐवजी दहा खनिजंच ओळीने मांडली. जे दुसऱ्यावर ओरखडा काढेल, ते वरच्या पायरीवर. शंखजिरं १, गारगोटी ७, कुरुंद ९, हिरा १०. अनोळखी दगड यांच्यावर घासून बघायचा, की त्याची जागा कळते.

यादी क्रमाने लावायला दोघांत वरचढ कोण एवढं कळलं की पुरतं, हे आम्ही प्रोग्रॅमर रोज वापरतो. मोस यांचे आकडेही असे नुसते क्रमांक आहेत. कुरुंद आणि हिरा यांच्यात पायरी एकच, पण प्रत्यक्ष मोजलं तर हिरा काही पट कठीण. ‘किती’ हा प्रश्न बाजूला ठेवल्यामुळेच ही चाचणी प्रयोगशाळेबाहेर, कुणाच्याही हातात आली. खिशातल्या वाळूने फोनच्या काचेवर चरा पडतो, तेव्हा वाळूतल्या गारगोटीने तीच चाचणी घेतलेली असते.