स्पीकर माझा, हेड त्याचं

गेल्या शनिवारी मी एका मित्राच्या चार महिन्यांच्या बचतीचा धूर करणार होतो. थोडक्यात वाचलो.

तर झालं असं, ऑफिसातल्या या मित्राने सेकंडहँड ट्यूब हेड घेतलं, 20 वॅटचं. हेड म्हणजे नुसता अ‍ॅम्प, स्पीकर वेगळा घ्यायचा. त्याला पैसे उरले नव्हते. माझ्याकडे ट्रान्झिस्टरचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. म्हटलं, "घेऊन ये रे, माझा स्पीकर वापरू." कॉम्बोच्या मागे 'एक्स्टर्नल स्पीकर' लिहिलेलं भोक होतंच. हेडची वायर त्यात खुपसली की झालं काम! वायर भोकापर्यंत नेलीही होती, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. हे आत यायचं दार आहे की बाहेर जायचं?"

बाहेर जायचं होतं. म्हणजे मी दोन अ‍ॅम्पची आउटपुट एकमेकांच्या तोंडावर बांधत होतो. शिवाय बऱ्याच कॉम्बोंमध्ये या भोकात जॅक घातला की आतला स्पीकर तुटतो. मग हेडला खरा स्पीकर मिळतच नाही. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय वाजवणं म्हणजे आत्महत्या. ट्यूबांना हजारो ओहमचा भार लागतो, स्पीकर असतो 4, 8 किंवा 16 ओहमचा. मधे दुभाषाचं काम करतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पलीकडे ऐकणारा कोणी नसेल तर त्याच्यात भलतंच व्होल्टेज चढतं, आणि तो किंवा ट्यूबचा सॉकेट जळू शकतो.

मग प्रश्न पडला, या दोघांना वेगळं केलं कोणी? रविवार वाचण्यात गेला.

अमेरिकेत 50च्या दशकात कॉम्बोच चालत. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरने बनवलेला 'बासमन' घ्या. मूळचा बास गिटारसाठी, पण गिटारवाल्यांनीच पळवला. 1959च्या मॉडेलमध्ये 10 इंची चार स्पीकर होते, प्रत्येक 8 ओहमचा. चारही पॅरलल, म्हणजे एकूण 2 ओहम. ट्रान्सफॉर्मरही 2 ओहमचाच. खोकं बंद, हिशोब बंद. वाजवणाऱ्याला ओहम हा शब्दही ठाऊक असायची गरज नव्हती.

पण मोठ्या हॉलसाठी खोकं वाढवत नेलं तर उचलणार कोण? 60च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरनेच हेड आणि कॅबिनेट वेगळे करून विकायला सुरुवात केली.

तिकडे लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा ड्रमवादक वाद्यांचं दुकान चालवायचा. अमेरिकन अ‍ॅम्प इंग्लंडात महाग पडत. म्हणून 1962-63च्या सुमारास त्याने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून बासमनचं सर्किट जवळपास जसंच्या तसं उतरवलं. हाच जेटीएम 45.

मात्र स्पीकर वेगळे. सेलेस्टियनचे 12 इंची, तेव्हा प्रत्येकी 15-20 वॅट सोसणारे. दोन कमी पडत, म्हणून चार, आणि तेही वेगळ्या, मागून बंद पेटीत. साधारण 16 ओहमचे चार स्पीकर, दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या जोड्या पॅरलल, म्हणजे एकूण पुन्हा 16. सर्किट तेच, पण स्पीकरचा भार 2 वरून 16, आठपट! ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागला. पुढे हेडच्या पाठीवर ओहम निवडायचा स्विच सर्रास दिसू लागला. थोडक्यात, जो हिशोब फेंडर खोक्याच्या आत करून द्यायचा, तो आता वाजवणाऱ्याच्या गळ्यात पडला.

गंमत पुढेच आहे. हेच सर्किट दोन स्पीकरांसह मार्शलने परत एका खोक्यात घातलं. एरिक क्लॅप्टनला गाडीच्या डिकीत मावेल असा अ‍ॅम्प हवा होता, असं सांगतात. तो कॉम्बो त्याने जॉन मेयॉलच्या 1966च्या अल्बमवर असा वाजवला की लोक अजून तो आवाज शोधत फिरतात.

असो. तर आम्ही काय केलं? कॉम्बोचा प्लग भिंतीतून काढला. मागची फळी उघडली. स्पीकरवर छापलं होतं, 8 ओहम, 50 वॅट. हेड 20 वॅटचं, म्हणजे ताकदीची चिंता नाही. स्पीकरच्या पट्ट्यांवरच्या दोन्ही क्लिपा काढल्या, त्या जागी जॅकवाली जाड स्पीकर वायर जोडली आणि ती थेट हेडमध्ये. गिटारची बारीक वायर इथे चालत नाही, ती एवढा करंट वाहायला बनलेलीच नसते. हेडचा स्विच 8 वर. मित्राने तो दोनदा तपासला, मी तिसऱ्यांदा.

मग त्याने पहिला कॉर्ड वाजवला. माझाच स्पीकर, तीन वर्षं ऐकलेला, पण ओळखू येईना. इतके दिवस मी बिचाऱ्याला उगाच नावं ठेवत होतो.

तुम्हीही असं काही करणार असाल तर वायर खुपसण्याआधी एवढंच विचारा: हे दार आत यायचं की बाहेर जायचं?