पानेच सांगतात पाण्याचे दुखणे

हौसेने सजविलेल्या काचेच्या टाकीतील मासे टवटवीत असतात; पण महिन्याभरातच तिच्यातील हिरवाईला उतरती कळा लागते. पाने पिवळी पडतात, त्यांना भोके पडतात, देठ कुजतात आणि काचेवर शेवाळाचा थर चढतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सदनिकांत मत्स्यालय बाळगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दुकानातून खताची एखादी बाटली आणून ती टाकीत ओतली जाते किंवा झाडे उपटून त्यांच्या जागी प्लॅस्टिकची लावली जातात. दोन्ही उपाय घाईचे ठरतात. वनस्पती खंगल्या, तर नुकसान केवळ शोभेचे होत नाही. कुजणारे पान पाण्यातील प्राणवायू कमी करते, अमोनियाची भर घालते आणि त्याची किंमत अखेर माशांना मोजावी लागते. त्यामुळे औषधापूर्वी निदान हवे. आणि निदानाची बहुतेक लक्षणे पानांवरच उमटलेली असतात.

आजार की रूपांतर?

नवी वनस्पती टाकीत लावल्यावर पहिल्या 2 ते 4 आठवड्यांत तिची पाने गळाली, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. रोपवाटिकांमध्ये बहुतेक पाणवनस्पती मुळे ओलीत आणि पाने हवेत ठेवून वाढवितात. हवेत वाढलेले पान पाण्याखाली तग धरत नाही. ते विरघळल्यासारखे होते आणि त्याच्या जागी पाण्यात जगणारे, पातळ असे नवे पान येते. क्रिप्टोकोरायनी या वर्गात हे विशेष दिसते. याच वर्गातील रेट्रोस्पायरॅलिस ही जाती पश्चिम घाटातील ओढ्यांत आढळते. पावसाळ्यात ती प्रवाहाखाली असते आणि पाणी ओसरू लागले की फुलते. परिस्थितीनुसार पाने बदलणे हा तिचा स्वभावच आहे.

अशा वेळी मुळे आणि कंद तपासावेत. ते घट्ट आणि फिकट रंगाचे असतील, तर वनस्पती जिवंत आहे. मऊ, काळे आणि दुर्गंधी येणारे असतील, तर ती गेली. कुजलेली पाने तेवढी कापावीत. रोप पुन:पुन्हा उपटून जागा बदलू नये. अनुबियास आणि जावा फर्न यांच्या बाबतीत मात्र वेगळी चूक घडते. त्यांचा आडवा खोडकंद वाळूत पुरला की सडतो. ही रोपे दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावीत.

जुने पान की नवे?

महिना उलटल्यावरही प्रकृती सुधारत नसेल, तर पहिला प्रश्न विचारावा : बिघाड जुन्या, खालच्या पानांवर आहे की नव्या, शेंड्याच्या पानांवर? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती आपल्या शरीरात हलवू शकते. ती कमी पडली की जुन्या पानांतून काढून ती नव्या पानांना पुरविली जातात. साहजिकच जुनी पाने आधी खंगतात. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत. म्हणून त्यांची उणीव नव्या पानांवर दिसते.

जुने पान सर्वत्र सारखे पिवळे होऊन गळत असेल, तर नत्राची कमतरता संभवते. मासे कमी आणि झाडे दाट असलेल्या टाकीत असे घडते. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी, पिवळ्या कडांची भोके दिसली, तर पालाश कमी पडत असावे. गोगलगाय किंवा मासा पान खातो, तेव्हा कडा कुरतडलेल्या दिसतात. पण भोवतीचा भाग हिरवाच राहतो. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. हेच चिन्ह शेंड्याच्या पानांवर असेल किंवा ती पांढुरकी निघत असतील, तर लोह कमी आहे. नवी पाने लहान, वाकडी आणि मुडपलेली येत असतील, तर कॅल्शियमकडे पाहावे.

नळाचे पाणी आणि टँकरचे पाणी

शेवटच्या लक्षणाचा संबंध मुंबईच्या पाण्याशी पोहोचतो. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव उपनगरातच आहेत. तानसा (1892), वैतरणा आणि भातसा ही धरणे ठाणे-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात आहेत. शहराच्या बहुतांश पाण्यावर भांडुप संकुलात प्रक्रिया होते. हे मुख्यत: साठविलेले पावसाचे पाणी असल्याने त्यात विरघळलेले क्षार तुलनेने कमी असतात; शालेय पुस्तकांच्या भाषेत ते ‘सुफेन’ असते. बहुतेक पाणवनस्पतींना असे पाणी मानवते. परंतु दाट लागवडीच्या टाकीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यातून अपुरे पडू शकतात. पिण्यासाठीच्या आरओ यंत्राचे पाणी ‘अधिक शुद्ध’ म्हणून टाकीत भरले, तर ही उणीव आणखी वाढते.

पाणीकपातीच्या दिवसांत चित्र उलटते. सोसायटीच्या टाकीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जाते आणि ते बरेचदा जड असते. एका आठवड्यात मृदू आणि पुढच्या आठवड्यात जड पाणी मिळाले, की कोवळी रोपे एकाएकी पाने टाकतात. व्हॅलिस्नेरियासारखी चिवट वनस्पती जड पाण्यात मजेत वाढते. सर्वच झाडांना ते जमत नाही. जडपणा मोजण्याचे साधे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. पाणी बदलण्यापूर्वी ते कोठून आले, याची चौकशी केली तरी अर्धे कोडे सुटते.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या बादलीत 24 तास ठेवावे किंवा क्लोरीन काढणारे द्रावण वापरावे.

शेवाळ : प्रकाशाचा अतिरेक

कोणत्याही वनस्पतीची वाढ सर्वांत कमी असलेल्या घटकामुळे अडते, हे तत्त्व जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केले. मत्स्यालयाला ते तंतोतंत लागू पडते. तीव्र एलईडी दिवा 12 तास चालू ठेवला, पण कार्बन डायऑक्साइड आणि अन्नद्रव्ये तेवढी नसली, तर वनस्पती थांबते आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ पोसले जाते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे 10 हजार पट संथ गतीने पसरतो. म्हणून पाणी साचून राहिले, की दाट झुडपाच्या आत त्याचा दुष्काळ पडतो. फिल्टरचा प्रवाह पानांपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहावे. पश्चिमेच्या खिडकीतील थेट उन्हात टाकी ठेवू नये. दिवा टायमर लावून 6 ते 8 तासच चालवावा.

पाण्यात अन्नद्रव्यांचा पूर आला की काय होते, हे पवई तलावाकडे पाहून समजते. 1891 मध्ये पूर्ण झालेल्या या तलावात सांडपाणी मिसळत गेले आणि जलपर्णी फोफावली. जास्तीचे खाद्य रोज पडणाऱ्या टाकीत तीच कथा शेवाळाच्या रूपाने घडते.

एप्रिल-मेच्या उकाड्यात आणखी एक अडचण उद्भवते. बंद घरात टाकीचे पाणी 30 अंशांच्या वर जाते. 20 अंश तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; 30 अंशांना साडेसात. रात्री वनस्पतीही प्राणवायूच वापरतात. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असेल, तर तो रात्री बंद ठेवून हवेचा पंप सुरू करावा.

उपचारांचा क्रम

आधी कुजका भाग काढावा आणि दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नंतर प्रकाशाचे तास कमी करावेत. त्यानंतर मुळांकडे वळावे. धुतलेल्या वाळूत किंवा रंगीत खडीत अन्नद्रव्ये नसतात. क्रिप्टोकोरायनी आणि अमेझॉन सोर्डसारख्या मुळांवाटे पोषण घेणाऱ्या वनस्पतींच्या बुंध्याशी खताची गोळी पुरावी. खोडाने वाढणाऱ्या झाडांना पातळ खत, तेही सूचित मात्रेच्या निम्म्याने सुरू करून द्यावे. एका वेळी एकच बदल करावा आणि 2 आठवडे थांबावे. चार उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

कुंडीतील झाडांचे युरियासारखे खत टाकीत कधीही घालू नये. त्यातून अमोनिया तयार होतो आणि उष्ण, अल्कधर्मी पाण्यात तो माशांना अधिक घातक ठरतो. माशांसाठीची तांबेयुक्त औषधे आणि मीठ यांमुळेही अनेक वनस्पती करपतात. असे उपचार वेगळ्या टाकीत करावेत. काढून टाकलेली झाडे नाल्यात किंवा तलावात सोडू नयेत. सुकवून ओल्या कचऱ्यात टाकावीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. पिवळे पडलेले वा भोके पडलेले जुने पान पुन्हा पूर्ववत होत नाही. त्याच्याकडे पाहून उपाय फसला, असे समजणारे हौशी लोक दुसऱ्याच दिवशी नवी बाटली उघडतात आणि बिघाड वाढवितात. शेंड्याचे नवे पान कसे निघते, तेवढे पाहावे. ते स्वच्छ हिरवे आणि सरळ निघाले, की टाकी सावरू लागली.