बैकालच्या बर्फावरून

मार्च महिन्यात सैबेरियातल्या बैकाल सरोवरावर हौशी लोक स्की लावून निघतात. मागे सामानाची घसरगाडी ओढायची, रात्री बर्फावरच तंबू लावायचा. तंबूची साधी खुंटी तिथे आत शिरत नाही, बर्फात स्क्रू फिरवून बसवावे लागतात. वाऱ्याने वरचा भुसभुशीत थर उडून गेला असेल, तर खाली काचेसारखा गुळगुळीत बर्फ. तिथे स्की काढून बुटांना काटे लावायचे. रात्री थंडी वाढली की बर्फ आकसतो आणि तोफेसारखा आवाज करत तडकतो. आवाज म्हणजे बर्फ बुडाला असं नव्हे. पण तंबूत पडलेल्या माणसाला हे कोण समजावणार!

बर्फाची जाडी साधारण एक मीटर. खाली पाणी, सर्वांत खोल जागी १६४२ मीटर. काल बर्फाने पेललं म्हणून आज पेलेल, याला पुरावा काय? हा ह्यूमचा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, पण लाकडी बाकावर बसून. बैकालवर तो पायाखाली असतो.

आता १९०४ साल घ्या. फेब्रुवारीत जपानशी युद्ध पेटलं. सैबेरियातली रेल्वे सरोवराच्या दोन्ही काठांना पोचली होती, मधला दक्षिणेकडचा कड्याकपारींचा पट्टा मात्र अपुरा. एरवी इंग्लंडमध्ये बांधलेली ‘बैकाल’ नावाची बर्फफोडी बोट डबे पलीकडे नेई. ऐन हिवाळ्यात तिचंही काही चालेना. तेव्हा रेल्वेमंत्री खिल्कोव स्वतः तिथे येऊन उभे राहिले आणि चक्क बर्फावर रूळ टाकले. इंजिन जसंच्या तसं नेणं धोक्याचं, म्हणून ती सुटी करून नेली. डबे घोड्यांनी ओढले. सैनिक चाळीसेक किलोमीटर पायी. वाटेत ऊब घ्यायला एक मुक्कामाची जागा केली होती, तिचं नाव ‘सेरेदिना’, म्हणजे ‘मध्य’. त्याच वर्षी काठाकाठाने जाणाऱ्या मार्गावर गाड्या सुरू झाल्या आणि बर्फावरच्या रुळांची गरज संपली.

हे काम हुकुमाने झालं, पण त्यामागे मोजमाप होतं, सरकार होतं. सोळा वर्षांनी त्याच बर्फावर आले त्यांच्यामागे सरकारच उरलं नव्हतं. कोल्चाकची पराभूत श्वेत सेना ओम्स्क सोडून पूर्वेकडे हटत होती. तिचा सेनापती कापेल वाटेत कान नदीच्या बर्फाळ पाण्यात पडला, पाय गारठून सडले, शस्त्रक्रिया झाली, तरी तो घोड्यावर बसून राहिला. २६ जानेवारी १९२० रोजी तो गेला. ७ फेब्रुवारीला इर्कुत्स्कमध्ये कोल्चाकला गोळ्या घातल्या. सेनेने शहर टाळून बैकाल गाठलं. आजचा प्रवासी हवामान बघून दिवस निवडतो, नाही जमलं तर परततो. यांना मागे फिरायला जागा नव्हती. टायफसचे रोगी घसरगाड्यांवर, सोबत बायकामुलं, घोडे घसरून पडताहेत.

आणि त्याच काफिल्यात कापेलची शवपेटी. सैनिकांनी ती मागे सोडली नाही. बर्फ ओलांडून ती चितेला नेली, पुरली, मग पुन्हा उकरून चीनमधल्या हार्बिनला नेली. २००७ साली त्याचे अवशेष मॉस्कोत आणून पुरले.