ड्रायव्हरचे दंड

सिल्लोडहून अजिंठ्याकडे निघाले की गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गॅरेजे लागतात. मक्याच्या आणि मिरचीच्या हंगामात येथे मालट्रकांची दाटी असते. एरवी उघडी इंजिने, आडवे पडलेले अॅक्सल आणि काळे तेल मुरलेली माती. दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका गॅरेजात लष्कराने मोडीत काढलेला ‘शक्तिमान’ ट्रक उभा होता. (वर्गात हे नाव उच्चारले तर विद्यार्थ्यांना दूरदर्शनवरचा गिरक्या घेणारा नायक आठवतो. ट्रक त्याच्यापेक्षा बराच वडील आहे.) लिलावात घेतलेल्या या गाडीच्या पाठीवर क्रेन चढवली होती आणि घाटात बंद पडलेली, कलंडलेली वाहने ओढणे हे तिचे काम होते. मेकॅनिक पुढच्या चाकांमध्ये उताणा पडून तिला भंगारातल्या दुसऱ्या ट्रकचे पॉवर स्टिअरिंग बसवत होता. इतक्या जुन्या गाडीला हा थाट कशाला, असे मी विचारले. खालूनच उत्तर आले, “पोरं चालवायला तयार न्हाईत सर. म्हणत्यात, दंड भरून येतात.”

दंड म्हणजे बाहू आणि दंड म्हणजे शिक्षा. मराठीच्या प्राध्यापकाला असा श्लेष सापडला की तो घरी घेऊन जातो. परंतु घरी आल्यावर वेगळाच प्रश्न छळू लागला. ज्या जवानांनी हा ट्रक लष्करात वर्षानुवर्षे चालवला, त्यांचे दंड भरून येत नव्हते काय? येत असतील, तर हे तेलाच्या दाबाचे साहाय्य त्यांच्या वाट्याला का आले नाही? ते तेव्हा शोधले गेले नव्हते, हे उत्तर मनात प्रथम येते आणि ते चुकीचे आहे.

‘सुकाणू’ या शब्दापासून आरंभ करू. तो मूळचा अरबी, दर्यावर्दी लोकांबरोबर आपल्याकडे आलेला. समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्यातही राज्याचे, संस्थेचे, क्वचित संसाराचे सुकाणू कोणाच्या तरी हाती असते; मोटारीचे मात्र ‘स्टेरिंग’च. आमच्याकडे दिशा देण्याचे खरे साधन होते कासरा. येथून जवळच, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांच्या आणि वेलस्लीच्या फौजांची लढाई झाली. इंग्रजांच्या तोफा बैल ओढत होते. मराठ्यांच्या तोफखान्याने ते बैल आणि गोलंदाज टिपले आणि वेलस्लीच्या तोफा जागच्या जागी खिळल्या. पायदळाला त्यांच्यावाचून पुढे जावे लागले. जड वस्तूला वळवणारे बळ कोणाच्या तरी मानेत वा दंडात असते, आणि ते बळ संपले की ती वस्तू निव्वळ ओझे होते, हे त्या दिवशी या परिसराने पाहिले आहे.

सुकाणूला यंत्राचे साहाय्य मिळाले ते प्रथम समुद्रावर. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज. एवढ्या धुडाचे सुकाणू हातांनी फिरवायचे म्हणजे माणसांची टोळीच लागे. जॉन मॅकफार्लेन ग्रे याने 1866 मध्ये वाफेवर चालणाऱ्या सुकाणूचे पेटंट घेतले आणि लवकरच ते या जहाजावर बसले. हाताने चक्र जेवढे फिरवावे तेवढेच सुकाणू वळावे, पुढे आपणहून थांबावे, अशी ती योजना होती. याच ‘ग्रेट ईस्टर्न’ने 1870 मध्ये मुंबई ते एडन ही समुद्राखालची तार टाकली. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को याने 1873 मध्ये अशा यंत्रांवर पुस्तक लिहून त्यांना ‘सर्वोमोटर’ हे नाव दिले. त्यातला ‘सर्वो’ लॅटिनमधल्या ‘सर्वुस’पासून, म्हणजे दास या अर्थाच्या शब्दापासून आला. माणसाच्या इशाऱ्याबरहुकूम वागणारे, स्वतःची इच्छा नसलेले बळ, असा त्या नावाचा भाव. तंत्रज्ञांनी केलेले हे नामकरण कवींनाही सुचले नसते.

जमिनीवरच्या वाहनासाठी ही गोष्ट नीट साधली ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याला. पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम करताना अवजड गाड्या वळवणाऱ्यांचे हाल त्याने पाहिले होते. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम येथे स्वतंत्रपणे प्रयोग सुरू केले. तेव्हाच्या तेलयंत्रांत झडपा बंद ठेवून दाब सतत कोंडून धरला जाई, त्यामुळे गळती ठरलेली. डेव्हिसने हे उलटे केले. झडप मधल्या स्थितीत उघडीच ठेवायची. पंपाने तेल नुसते फिरवत राहायचे. ड्रायव्हरने चाक वळवले की झडप एका बाजूने मिटत जाते, तेवढ्यापुरता दाब तयार होतो आणि दट्ट्या चाकांना ढकलतो. हात थांबला की दाब ओसरतो. पंप बंद पडला तरी चक्र आणि चाके यांच्यातला लोखंडी सांधा कायम राहतो, म्हणून गाडी जड होते पण हातची जात नाही. आजही तेलावर चालणारे पॉवर स्टिअरिंग बहुतांशी याच तत्त्वावर चालते.

हे सारे 1926 पर्यंत सिद्ध झाले होते. डेव्हिसने ते गाडीला बसवून चालवून दाखवले, जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला, आणि मंदीच्या काळात, 1934 मध्ये, उत्पादनखर्च परवडत नाही म्हणून योजना बाजूला ठेवली. पुढे तो बेंडिक्स कंपनीकडे गेला. तेथेही युद्धापूर्वी बोटांवर मोजण्याइतकेच संच बनले. मग दुसरे महायुद्ध आले. ब्रिटिश फौजांसाठी शेव्हरलेने बांधलेली ‘स्टॅगहाउंड’ ही चिलखती गाडी सुमारे 14 टनांची होती. ती नुसत्या हाताने चपळाईने वळवणे अशक्यच, म्हणून तिला पॉवर स्टिअरिंग मिळाले. युद्ध संपेपर्यंत अशी लष्करी वाहने 10,000 च्या वर गेली. शांततेच्या काळात जो खर्च परवडत नव्हता, त्याची चर्चा युद्धात कोणी केली नाही.

मात्र ही कृपा चिलखती आणि अतिजड वाहनांपुरतीच होती. त्याच युद्धातले जीएमसीचे अडीच टनी ट्रक लाखांनी बनले, आणि ते साध्याच स्टिअरिंगवर धावले. हे ट्रक माणसाला वळवता येत होते, एवढेच कारण. साध्या स्टिअरिंगमध्ये जोर कमी लागावा म्हणून दातांचे प्रमाण वाढवतात, त्यामुळे चक्राला फेरे फार घ्यावे लागतात. आणि उभ्या गाडीची चाके वळवताना टायर जमिनीवर घासतो, तेव्हा सगळा भार दंडांवर, खांद्यांवर येतो. शिवाय पुढचे चाक दगडाला अडखळले की चक्र उलटे झटका मारते. म्हणून जुने उस्ताद शिकाऊ मुलाला पहिला धडा देत, तो अंगठ्याचा: अंगठा चक्राच्या आत अडकवायचा नाही, बाहेरच्या कडेवर ठेवायचा. युद्धानंतर हे ट्रक ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून विकले गेले आणि आपल्या मुलखात लॉऱ्या होऊन वावरले.

युद्ध संपल्यावर पॉवर स्टिअरिंग कोणाला आधी मिळाले? ट्रकवाल्याला नव्हे. क्रायस्लरने 1951 मध्ये ते ‘इंपीरियल’ या श्रीमंती मोटारीत, डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधाराने, विक्रीला आणले. येथे मला या इतिहासाची खरी गाठ दिसते. जहाजाचे सुकाणू वा चिलखती गाडी माणसाच्या बळापलीकडे गेली, तेव्हा साहाय्य आले. मोटार विकत घेणारा आणि चालवणारा एकच होता, तेव्हाही आले. पण विकत घेणारा एक आणि चालवणारा दुसरा, पगारी, आणि काम कसेबसे का होईना त्याच्या हातून होते आहे, अशा ठिकाणी ते सर्वांत शेवटी आले. ट्रकची किंमत सरकार, कंपनी वा मालक मोजत होता. फिरवण्याची किंमत ड्रायव्हरचे खांदे मोजत होते, आणि ती कोणत्याच हिशेबवहीत चढत नव्हती.

‘शक्तिमान’ची कथा या चौकटीत बसते. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपूरला तो बनू लागला आणि 1990 च्या दशकापर्यंत बनत राहिला. डोंगरात, वाळवंटात, लढायांत त्याने सैन्याचा भार वाहिला. त्याची जागा ज्या नव्या गाड्यांनी घेतली त्यांत अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ प्रमुख; त्याला मात्र पॉवर स्टिअरिंग होते. गॅरेजातल्या ट्रकचे स्टिअरिंग मूळचे, निव्वळ हातबळाचे. नाव शक्तिमान आणि शक्ती लान्सनायकाची!

आता मेकॅनिक काय करत होता ते पाहू, कारण हे काम वाटते तितके सोपे नाही. इंजिनवर पंपाला जागा नसते; लोखंडी पाटी कापून, पुली जुळवून ती निर्माण करावी लागते. पट्टा तिरपा बसला तर महिनाभरात तुटतो. स्टिअरिंगचा डबा दुसऱ्या गाडीचा. त्याचा ड्रॉप आर्म या गाडीत उलट्या दिशेने हलला तर चक्र डावीकडे आणि चाके उजवीकडे. दट्ट्या वेगळा बसवला असेल आणि नळ्यांची अदलाबदल झाली, तर इंजिन चालू होताच चाके आपणहून एका टोकाला जाऊन भिडतात. दास मालकावर उलटतो. ड्रॅग लिंकचा झोक पाट्यांच्या हालचालीशी जुळला नाही तर प्रत्येक खड्ड्यात गाडी वाट सोडते. आणि जेथे पूर्वी माणसाचा जोर पडे तेथे आता तेलाचा, कित्येक पट अधिक. म्हणून चासीला आतून पट्टी जोडली नाही तर डब्याच्या बोल्टांपाशी तडा जातो. त्यातून 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातल्या फेरफारांवर बंधने घालते, हे मालकाच्या कानावर घालणे भाग असते.

हे सर्व तो कोणत्याही आराखड्याशिवाय, खडूने जमिनीवर रेघा मारून करत होता. जबलपूरला वा जर्मनीत जे झाले नाही ते सिल्लोडच्या मातीत झाले, आणि त्याला कारण कोणाची करुणा नव्हती. नव्या पोरांनी नकार दिला, एवढेच. जवानाला नकार देता येत नव्हता.

काम पुरे झाले त्या दिवशी मी पुन्हा गेलो. शेजारच्या गावातले एक निवृत्त सुभेदार मुद्दाम आले होते. उमेदीची वर्षे त्यांनी हाच ट्रक चालवला होता. मेकॅनिकने त्यांना मानाने वर बसवले, “चालवा बापू.” बापूंनी अंगठे कडेवर ठेवले, गाडी जागच्या जागी डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. एका हाताने. मग रस्त्यावर नेऊन एक फेरी मारून आणली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते खाली उतरले, पंजे उघडून थोडा वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, “हलकी झाली. पण रस्ता हाताला लागंना.”