‘सॉरी’ म्हणणारा कंपायलर

सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेटला हवे तितके प्रकार देता यावेत, ही सोय २०११ च्या मानकात आली. तोवर लायब्ररी लिहिणाऱ्यांचे हाल होते. बूस्टमधील टपल दहा घटकांवर थांबत असे. ते टपल लिहिणारे याक्को यार्वी हेच पुढे डग्लस ग्रेगॉर आणि गॅरी पॉवेल यांच्यासह व्हेरिॲडिक टेम्प्लेटच्या प्रस्तावाचे लेखक झाले, यात नवल नाही. मानक येण्याआधीच, २००८ मध्ये, जीसीसी ४.३ मध्ये ही सोय मिळू लागली.

पण तिच्यात एक उणीव राहिली. समजा, ‘जोडी’ या टेम्प्लेटला नेमके दोन प्रकार लागतात. दुसऱ्या एका टेम्प्लेटच्या आत आपण पॅकपुढे तीन टिंबे देऊन तो ‘जोडी’मध्ये उलगडला. पॅकमध्ये दोनच प्रकार आले, तर हे अगदी बरोबर आहे. तरीही कंपायलर म्हणे, ‘सॉरी, अनइम्प्लिमेंटेड’. जीसीसीमध्ये हा संदेश देणाऱ्या फंक्शनचे नावच ‘सॉरी’ आहे. एररपेक्षा तो वेगळा: तुमचा कोड चुकलेला नाही, आमचे काम अपुरे आहे, अशी ती प्रामाणिक कबुली.

कारण असे. ‘जोडी’चा उल्लेख दिसताच कंपायलर दिलेले प्रकार आणि पॅरामीटर यांची एकास एक जुळणी करू पाही. पॅकमध्ये किती प्रकार आहेत, हे मात्र बाहेरचे टेम्प्लेट वापरले जाईपर्यंत कळत नाही. पाहुणे किती हे कळण्याआधीच पाने मांडायला घेतल्यासारखे!

प्रोग्रामरांनी पळवाट शोधली. ‘जोडी’ थेट न लिहिता ती पॅरामीटर म्हणून मधल्या एका स्ट्रक्टला द्यायची. तिथे ‘जोडी’चे पॅरामीटर दिसतच नसल्यामुळे जुळणी आपोआप पुढे ढकलली जाई. माझ्या मते खरा उपाय या पळवाटेतच दडलेला होता. २०१२ च्या जीसीसी ४.७ मधील दुरुस्तीने तेच केले: साध्या पॅरामीटरसमोर पॅक आला, की जुळवाजुळव थांबवायची, यादी न उलगडता तशीच ठेवायची आणि खरे प्रकार हाती आल्यावर मोजायची.

त्याच ४.७ मध्ये अलायस टेम्प्लेटही आली आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अलायसच्या जागी त्याची व्याख्या लगेच ठेवायची असते, त्यामुळे इथे थांबायला वाव नाही. मानक समितीच्या यादीत हा मुद्दा १४३० क्रमांकाने नोंदला गेला. अशा कोडला जीसीसी आता ‘सॉरी’ म्हणत नाही. सरळ एरर देतो.