तीन लेखण्या, एक घराणे : छावणीतील पूर्वजांचे कागद कसे वाचावेत?

१/१२
'ध'चा 'मा' हा वाक्प्रचार मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांविषयीच्या पत्रात 'धरावे'चे 'मारावे' झाले, अशी ती आख्यायिका. तिच्या खरेखोटेपणाचा वाद बाजूला ठेवला, तरी जुन्या कागदातील एक अक्षर किती महाग पडू शकते, हे ती नेमके सांगते. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी हा थ्रेड.

२/१२
छत्रपती संभाजीनगरची छावणी हे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे ठाणे होते. फौजेचा खर्च निजामाचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. जून १८५७मध्ये येथल्या घोडदळाने बंड केले. पुढे १९०३च्या सुमारास ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली.

३/१२
त्यामुळे छावणीत चाकरी केलेल्या घराण्याचे कागद तीन लेखण्यांनी लिहिलेले असू शकतात. पलटणीची नोंद इंग्रजी वळणात, गावाकडच्या जमिनीची मोडीत, निजामी कचेरीतील फारसीत किंवा उर्दूत. माणूस एकच, पण प्रत्येक कारकुनाने त्याचे नाव आपल्या कानाला ऐकू आले तसे लिहिलेले.

४/१२
प्रथम मोडी. लेखक आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे जोडत जाई. बोरू शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कोठे तोडायचा, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

५/१२
येथे नात्याचे शब्द उपयोगी पडतात. 'राणोजी बिन मालोजी' म्हणजे मालोजीचा मुलगा राणोजी. 'वलद' हाही मुलगाच. स्त्रीच्या नावापुढे 'कोम' असेल, तर पुढचे नाव पतीचे. उर्दू कागदातील 'कौम' म्हणजे मात्र जात किंवा जमात. या दोन शब्दांची गल्लत झाली, तर पतीच्या नावाची जात होऊन बसते.

६/१२
आता उर्दू. घाईच्या सरकारी लेखनाचे वळण 'शिकस्ता', म्हणजे 'मोडलेले'. मोडी आणि शिकस्ता यांचा हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. शिकस्त्यात अक्षरे एकमेकांत घुसतात आणि नुक्ते अनेकदा गळतात. शब्दाच्या आरंभी वा मध्ये ब, प, त, न यांचा आकार एकच, एक लहानसा दात. फरक फक्त नुक्त्यांचा.

७/१२
'कुणबी' हा शब्द उर्दूत लिहून पाहावा. 'न' आणि 'ब' यांचे दोन सारखे दात शेजारी येतात. एकाचा नुक्ता वर, दुसऱ्याचा खाली. लेखकाने दोन्ही वगळले, तर उरतात केवळ दोन दात. मग निर्णय द्यावा लागतो तो रकान्याच्या मथळ्यावरून आणि त्याच लेखकाच्या इतर नोंदींवरून.

८/१२
ही चर्चा केवळ अभ्यासकांपुरती नाही. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकी भासू लागली. शतकापूर्वीच्या एका शब्दावर आजच्या मुलांचे दाखले अवलंबून राहिले.

९/१२
इंग्रजी कागद सोपे, हाही भ्रमच. रोमन लिपीत त-ट आणि द-ड यांना एकेकच अक्षर. धावत्या वळणात 'एन' आणि 'यू' जुळ्या भावंडांसारखे दिसतात. 'पांडू'चा 'पौडू' होतो आणि असा पूर्वज वंशावळीत कोणालाच सापडत नाही.

१०/१२
तारखांचे गणित वेगळे. निजामी राज्याच्या उत्तरकाळात फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. मराठेशाहीतील कागदांत अरबी संख्यांचा सुहूर सन येतो. तेथे 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर. एवढ्याशा चुकीने नातू आजोबांच्या आधी जन्मतो.

११/१२
म्हणून शिस्त हवी. ज्ञात पिढीपासून मागे जावे. आधी अक्षरास अक्षर असे लिप्यंतर करावे, अर्थ नंतर. शंकास्पद अक्षर कंसात ठेवावे, न लागलेल्या जागी टिंबे द्यावीत. त्याच हाताने लिहिलेल्या स्पष्ट नोंदींतून अक्षरांचा तक्ता करावा. शक्य तर दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्र वाचन घ्यावे, आणि त्याला अपेक्षित उत्तर आधी सांगू नये.

१२/१२
हे शेवटचे पथ्य पाळणे सर्वांत अवघड. हवे असलेले आडनाव, गाव किंवा जात डोळ्यांना धूसर शाईतही दिसू लागते. अशा वेळी सोडलेली रिकामी जागा पुढचा जाणकार भरून काढू शकतो. ठामपणे लिहिलेला चुकीचा शब्द मात्र नकलेमागून नकलेत उतरत जातो, आणि मूळ कागद पुन्हा उघडून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.